पुण्य वीज कंपनीला जातं का? मणिचक्राविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी संपली की या सदराकडे हिमालयातून पत्रं येऊ लागतात. लेह, स्पिती, गंगटोक, धरमशाला करून आलेली मंडळी सामान उघडतात, त्यात एखादं प्रार्थनाचक्र निघतं आणि मग प्रश्न सुचतात. यंदा या चक्राने बाकी सगळ्या विषयांना मागे टाकलं. आसाभोवती फिरणारा डबा आणि त्याच्या आत मंत्राचे कागद, असं हे चक्र. तिबेटी त्याला ‘मणि खोर्लो’ म्हणतात, लडाखी नुसतं ‘मणे’, मी मणिचक्र म्हणते. सारखीच विचारणा असलेली पत्रं मी एकत्र केली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी नागपूरच्या बौद्ध घरातली आहे आणि नोकरीभर कॉलेजात पाली शिकवली. मणिचक्र माझ्या घरातल्या परंपरेत नाही. त्यामुळे उत्तरांत जिव्हाळा आणि चिकित्सा दोन्ही सापडतील. कमी-जास्त झालं तर कळवा.

प्रश्न : लेहच्या बाजारातून हातात धरून फिरवायचं पितळी चक्र आणलं. घरी मुलाने झाकण उघडलं तर आत कोऱ्या कागदाची सुरळी. आम्ही फसलो का? आत खरं काय असायला हवं? (मानसी, ठाणे)

फसलात असं नाही म्हणणार. तुम्ही शोभेची वस्तू घेतलीत आणि दुकानदाराने शोभेचीच वस्तू दिली. पर्यटकांसाठीच्या बऱ्याच चक्रांत कोरा कागद नाहीतर मंत्राची एखादी चिठ्ठी असते, काहींत तेवढंही नसतं. घेतानाच झाकण उघडून पाहावं. खरा विकणारा स्वतःहून उघडून दाखवतो.

भरलेलं चक्र कसं असतं ते मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत पाहिलं. तिथल्या एका आजोबांनी आपलं जुनं चक्र दुरुस्तीला काढलं होतं. वरची कमळाच्या कळीसारखी फिरकी त्यांनी उलट फिरवून काढली, झाकण उचललं. आत पिवळ्या कापडात आवळून बांधलेली गुंडाळी. कापड सोडल्यावर पातळ, पिवळट कागद दिसला. केशराचं पाणी लावून वाळवलेला, म्हणून तो रंग. त्यावर मुंगीएवढ्या तिबेटी अक्षरांत एकच मंत्र, ओळीमागून ओळ: ॐ मणिपद्मे हूँ. एक पट्टी संपली की तिच्या टोकाला दुसरी चिकटवलेली. सगळी गुंडाळी एका नळीभोवती, आणि मुठीतून वर आलेली सळई त्या नळीतून जाते. मधल्या या आसाला ते ‘सोगशिंग’ म्हणतात, म्हणजे प्राणवृक्ष. अक्षरांची डोकी वर, छापलेली बाजू बाहेर. आजोबांनी गुंडाळी पुन्हा इतकी आवळली की अंगठ्याची नखं पांढरी पडली. सैल राहिली तर ती आतल्या आत घसरते, डबा फिरतो आणि मंत्र जागेवरच राहतो, असं त्यांनी मोडक्या हिंदीत समजावलं.

डब्याच्या कमरेला छोटी साखळी आणि साखळीच्या टोकाला धातूचा गोळा असतो. पुष्कळांना तो दागिना वाटतो. पण चक्र फिरतं ते त्याच्या जोरावर. मनगट अगदी किंचित हलवलं की गोळा बाहेर फेकला जातो आणि डब्याला ओढत नेतो. म्हणून ऐंशीच्या घरातल्या बायकाही तासन्‌तास चक्र फिरवू शकतात. नवखा माणूस अख्खा हात गरगर फिरवतो आणि पाच मिनिटांत खांदा धरून बसतो. डबा मुठीवर जिथे टेकतो तिथे चांगल्या चक्रात शंखाची चकती बसवलेली असते, स्वस्तातल्यात साधा वायसर. चकती झिजली की करकर ऐकू येते.

हिशेब असा, की आत मंत्र दहा हजार वेळा लिहिलेला असेल तर एक फेरा म्हणजे दहा हजार मंत्र. आता मायक्रोफिल्म भरतात, त्यामुळे संख्या कुठल्या कुठे जाते. मठांतल्या माणसाहून उंच चक्रांना ‘दुंगखोर’ म्हणतात आणि त्यांत मंत्रसंख्या दहा कोटींच्या हिशेबात मोजतात.

तुमच्या चक्राचं आता काय करायचं? मंत्राच्या छापील पट्ट्या तिबेटी मठांत मिळतात, भरूनही देतात. भरल्यावर भिक्षू त्यावर छोटा विधी करतात, ‘रबने’. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेच्या जवळचा. नुसतं शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर कोऱ्या कागदासकट ठेवा, कोणी रागावणार नाही. देवनागरीत स्वतः लिहून भरलं तर चालेल का, हे मीच त्या आजोबांना विचारलं होतं. ते हसले. म्हणाले, “मंत्र तुमच्याच देशातून आमच्याकडे आला, तुम्ही मला काय विचारता?”

प्रश्न : गंगटोकला दोद्रुल चोर्तेन या स्तूपापाशी ओळीने चक्रं आहेत. मी फिरवत निघाले तर एका आजीने माझा हातच धरला आणि मागे वळवलं. मी डावखुरी आहे, डाव्या हाताने फिरवत होते. डावा हात अशुभ मानतात का? (ऋजुता, कोल्हापूर)

हाताचा दोष नव्हता, दिशेचा होता. दोद्रुल चोर्तेन १९४५ सालचा. त्याच्याभोवती १०८ चक्रं आहेत. स्तूप उजव्या अंगाला ठेवून चालायचं आणि चक्र वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांसारखं फिरलं पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींत चपखल बसतात. स्तूप उजवीकडे असला की चक्रंही उजवीकडेच येतात. उजव्या हाताने सहज पुढे ढकललं की चक्र बरोब्बर योग्य दिशेने जातं, वेगळा विचार करावा लागत नाही. तुम्ही स्तूप डावीकडे ठेवून निघाला असणार, म्हणून डावा हात पुढे आला आणि चक्र उलटं गेलं. आजींनी तेवढंच सुधारलं.

दिशेमागचं एक कारण मला फार आवडतं, कारण ते वाचणाऱ्या माणसाचं कारण आहे. घरी एखाद्या डब्याला डावीकडून उजवीकडे लिहिलेल्या ओळीचा कागद गुंडाळा आणि समोर उभं राहून डबा घड्याळाच्या दिशेने फिरवा. पहिलं अक्षर आधी समोरून जाईल, मग दुसरं, मग तिसरं. उलटा फिरवलात तर मंत्र शेवटाकडून सुरुवातीकडे जाईल. बाहेरून कोरलेली अक्षरं पुष्कळदा रंजना लिपीत असतात, ती काठमांडूच्या नेवार लोकांची. तीही डावीकडून उजवीकडेच जाते.

प्रदक्षिणेची दिशा तर आपल्याला नवी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांच्या मागून जो बोळ जातो तो स्तूप उजव्या हाताला ठेवून चालण्यासाठीच आहे.

आणि तरीही जगात उलट्या दिशेने फिरवणारी माणसं आहेत. तिबेटातल्या बोन परंपरेचे लोक चक्र आणि प्रदक्षिणा दोन्ही आपल्या मते ‘उलट’ करतात. त्यांचा मंत्र वेगळा, ॐ मत्रि मुये सले दु. हिमाचलात सोलनजवळ दोलांजीला त्यांचा मेनरी मठ आहे. तिथे गेलात तर आजीबाईंचा हात दुसऱ्या बाजूने येईल.

डाव्या हाताबद्दल म्हणाल तर हातातलं चक्र बहुतेक लोक उजव्या हातात धरतात, कारण डाव्या हातात जपमाळ असते. तुम्ही खुशाल अदलाबदल करा, दिशा तेवढी सांभाळा.

प्रश्न : मी इंजिनिअर आहे. मंत्र कागदावर छापायचा, डब्यात कोंबायचा आणि डबा फिरवायचा. ही भक्तीची फॅक्टरीच झाली. लडाखमध्ये टॅक्सीच्या डॅशबोर्डवर सोलरवर फिरणारं चक्र पाहिलं, एका हॉटेलात विजेवर चालणारं. मग पुण्य नक्की कोणाला लागतं? (श्रीकांत, पिंपरी)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. विजेच्या चक्राचं पुण्य वीज कंपनीला जातं, असं लामा मंडळींतच गमतीने म्हटलं जातं. मे महिन्यात आमच्याकडे ज्या वेळेला दिवे जातात ते पाहता, कंपनीला त्याची गरज आहे.

पण श्रीकांतराव, फॅक्टरी म्हणण्यापूर्वी थोडं थांबा. माणसाचा हात न लागता चालणारी चक्रं सोलरच्या कितीतरी आधीपासून आहेत. ओढ्यावरच्या चक्राला ‘छुखोर’ म्हणतात. दगडी खोपटं, खाली पाण्याच्या झोताने फिरणारी पाती, त्याच आसावर वर मंत्राचं पिंप. लडाख, स्पिती, सिक्कीम, भूतान, सगळीकडे दिसतील. वाऱ्यावर फिरणारं ते लुंगखोर, छपरावर लावतात. लोण्याच्या दिव्यावर कागदाचं हलकं नळकांडं टांगतात, गरम हवेने तेही फिरत राहतं. पाण्याच्या चक्रामागे लोकांची अशी श्रद्धा आहे की त्याला शिवून गेलेलं पाणी खाली ज्या कोणाच्या शेतात, घशात, मासळीच्या अंगावर जाईल त्या सगळ्यांचं भलं व्हावं. ओढ्याच्या मालकाला पुण्य लागावं म्हणून ते बांधत नाहीत.

इथेच या सगळ्याचा गाभा आहे. चक्र हाती घेण्याआधी साधकाने मनाशी म्हणायचं असतं की हे सर्व प्राणिमात्रांसाठी आहे. फिरवताना तोंडाने मंत्र आणि मनात करुणा. ठेवताना जे काही पुण्य झालं असेल ते इतरांना देऊन टाकायचं. ‘ओम मणि पेमे हुंग’, तिबेटी उच्चार असा. या सहा अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर एकेका लोकासाठी असतं: ओम देवांसाठी, म असुरांसाठी, णि माणसांसाठी, पे जनावरांसाठी, मे भुकेल्या प्रेतांसाठी, हुंग नरकातल्यांसाठी. म्हणजे माणसाच्या वाट्याला सहातलं एक अक्षर. बाकी पाच दुसऱ्यांची. हात चक्र फिरवतो, जीभ मंत्र म्हणते, मन करुणेत राहतं, तिन्ही जुळून यावं अशी अपेक्षा. तिन्ही जुळत नसतील तर निदान हात तरी चांगल्या कामात असू द्या, हेही परंपरा मान्य करते. इथे तुमचा आणि तिचा खटका उडणार, ते मला समजतं.

आपल्याकडे रामनाम लिहायच्या वह्या मिळतात ना, चौकटी आखलेल्या? माझी एक सहकारी प्राध्यापिका परीक्षेच्या पर्यवेक्षणातून परत आली की एक पान भरायची. तिला कोणी फॅक्टरी म्हटलं नाही. लिहिलेल्या नामाला नुसत्या उच्चारापेक्षा वेगळं वजन असतं, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

आणि टीका करायला तिबेटी लोक तुमची वाट पाहत बसलेले नाहीत. अतिश दीपंकर हे आपल्या बंगालकडचे आचार्य तिबेटात गेले. त्यांचे शिष्य द्रोमतोनपा, अकराव्या शतकातले. त्यांची एक गोष्ट तिबेटी गुरू नेहमी सांगतात. रेतिंग मठाभोवती एक म्हातारा प्रदक्षिणा घालत होता. द्रोमतोनपा म्हणाले, “प्रदक्षिणा घालता, छान. पण धर्म आचरलात तर अधिक छान.” म्हाताऱ्याला वाटलं ग्रंथ वाचायला हवेत. तो पोथी घेऊन बसला. द्रोमतोनपांनी पुन्हा तेच म्हटलं. मग तो डोळे मिटून ध्यानाला बसला. पुन्हा तेच. म्हातारा वैतागला, म्हणाला, आता करू तरी काय? उत्तर आलं, “या आयुष्याची आसक्ती सोडा.” नुसतं यंत्रवत करण्याला इतक्या सौम्यपणे आणि इतकं टोचणारं उत्तर मी फारसं ऐकलेलं नाही. गंमत म्हणजे ही गोष्ट सांगून झाली की तेच गुरू उठून प्रदक्षिणेला जातात.

प्रश्न : पाळी चालू असताना चक्राला हात लावला तर चालतो का? चपला काढायच्या का? (नाव छापू नये, सांगली)

चालतो. मणिचक्राला विटाळ नाही. रस्त्याकडेची, बाजारातली, स्तूपाबाहेरची चक्रं चपला घालूनच फिरवतात, मठाच्या आत जाताना काढा.

प्रश्न : आमच्या वास्तुतज्ज्ञांनी ईशान्येला प्रार्थनाचक्र ठेवायला सांगितलं आहे, धनवृद्धीसाठी. कुठल्या आकाराचं घ्यावं? (अ. दे., नाशिक)

धनवृद्धी विकणाऱ्याची होईल. चक्राचा वास्तूशी संबंध नाही. स्वच्छ आणि उंच जागी ठेवा, जमिनीवर ठेवू नका, ओलांडू नका. बाकी ईशान्य, आग्नेय सगळं सारखंच.

प्रश्न : मॅडम, आम्ही दीक्षाभूमीला जातो, विहारात बुद्धवंदना म्हणतो. आपल्या विहारांत हे चक्र का नाही? एक मित्र म्हणतो ही ब्राह्मणी मंत्रतंत्राची भेसळ आहे, खरा बौद्ध धम्म नव्हे. दुसरा म्हणतो, तिबेटी लोक आपल्यापेक्षा जुने बौद्ध, ते करतात तर आपणही करावं. कोणाचं खरं? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

बेटा, दोघांनाही चहा पाज आणि हे वाचून दाखव.

आधी एवढं, की मणिचक्र नसलेले आपण एकटे नाही. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, तिकडच्या विहारांतही ते परंपरेने नाही. ते तिबेट, हिमालय आणि मंगोलियाकडचं आहे. त्यामुळे ‘चक्र नाही म्हणजे अर्धे बौद्ध’ हा दुसऱ्या मित्राचा सूर सोडून दे.

पहिल्याचं ‘ब्राह्मणी’ही टिकत नाही. मंत्र येतो कारंडव्यूह या महायान सूत्रातून आणि तो करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याचा मंत्र आहे. अवलोकितेश्वर तिबेटात जाण्याआधी आपल्या लेण्यांत होता. अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला कमळ घेतलेला पद्मपाणी शाळेच्या पुस्तकात पाहिला असशीलच, तो हाच. कान्हेरीला ४१ नंबरच्या लेण्यात त्याची अकरा मुखांची मूर्ती आहे. औरंगाबाद लेण्यांत, ७ नंबरच्या दाराशेजारी तो उभा आहे आणि दोन्ही अंगांना संकटात सापडलेली माणसं त्याला हाका मारताहेत. कोणी आगीत, कोणी बेड्यांत, कोणावर तलवार उगारलेली, कोणाची होडी बुडतेय, कोणापुढे सिंह, साप, हत्ती. हे कोरलं तेव्हा मराठवाड्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांना ही सगळी भीती रोजची होती. तिबेटी परंपरा मणिचक्राचं मूळ आचार्य नागार्जुनांशी जोडते, त्यांना ते नागांकडून मिळालं असं मानते. ती श्रद्धेची गोष्ट. पण रामटेकजवळच्या नागार्जुन टेकडीखालून तू सहलीला गेली असशील, म्हणून आठवलं.

इतिहासात पाहायचं तर या कल्पनेचा एक जुना भाऊबंद चीनमध्ये सापडतो. सहाव्या शतकात फू शी नावाच्या बौद्ध उपासकाने, त्याचा काळ ४९७ ते ५६९, ग्रंथांसाठी फिरतं कपाट काढलं असं तिथली परंपरा सांगते. मधोमध उभा खांब, त्याभोवती अष्टकोनी प्रचंड कपाट, त्यात सगळे धर्मग्रंथ, आणि ते ढकललं की अख्खं कपाट फिरतं. उत्तर चीनमध्ये झेंगदिंगच्या लोंगशिंग मंदिरात सोंग राजघराण्याच्या काळातलं असं कपाट अजून उभं आहे. ते कशासाठी काढलं? ज्यांना वाचता येत नाही, ज्यांना ग्रंथ वाचायला सवड नाही, त्यांनी कपाट एकदा फिरवावं आणि ग्रंथ वाचल्याचं श्रेय घ्यावं.

इथे मी थोडी अडखळते, आणि तू मोठी झालीस की तूही अडखळशील. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला पांढरं लुगडं नेसून दीक्षाभूमीवर होती. तिला अक्षरओळख नव्हती, कारण तिच्या आईबापांना आणि त्यांच्या आईबापांना कोणी अक्षराजवळ फिरकू दिलं नव्हतं. दीक्षेनंतर घरात त्रिशरण-पंचशीलाची पुस्तिका आली. आजी ती पुस्तिका मांडीवर घेऊन बसायची, सगळं तोंडपाठ म्हणायची आणि बोट ओळींवरून फिरवत जायची. बोट कुठल्या ओळीवर आहे आणि तोंड कुठे आहे याचा काही मेळ नसायचा. मग वस्तीत रात्रीची शाळा सुरू झाली. आजीला आधी स्वतःचं नाव आलं, मग ‘बुद्धं’, मग पुढचं. एके दिवशी बोट आणि तोंड एका शब्दावर आलं तेव्हा तिने आईला चुलीवरून हाक मारून बोलावलं होतं, असं आई सांगते.

निरक्षर माणसाच्या हाती अक्षर द्यायचे हे दोन रस्ते आहेत. तिबेटातल्या मेंढपाळाला, चीनमधल्या शेतकऱ्याला परंपरेने सांगितलं, तुला वाचता येत नाही तरी ग्रंथ तुझाही आहे, घे, फिरव. त्यात माया आहे, मी ती नाकारत नाही. बाबासाहेबांनी दुसरा रस्ता धरला. १९५० साली त्यांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, ज्याला पुढे मिलिंद महाविद्यालय नाव पडलं. प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव. माझी पाली तिथलीच. आणि त्या कॉलेजापासून फार लांब नाहीत ती लेणी, जिथे अवलोकितेश्वर हाका ऐकत उभा आहे. आम्ही पोरंपोरी रविवारी चालत जायचो.

बाबासाहेब दीक्षेनंतर महिन्याभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. बौद्धनाथ आणि स्वयंभूनाथ या चक्रांनी वेढलेल्या स्तूपांच्या गावात ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्याविषयी बोलले. त्यांच्या धम्मात पुण्याचा साठा करण्याला जागा नाही. मागच्या जन्मीच्या कर्मावर आजची जात आणि गरिबी ढकलून देणं त्यांना मुळातूनच अमान्य होतं. चक्राचं सगळं गणित पुण्यसंचय आणि पुनर्जन्म यांवर उभं आहे. म्हणून आपल्या विहारात ते नाही, आणि नसावं असं माझंही मत आहे. आपल्याकडे चक्राच्या जागी वाचनालय आहे. ते कुलूपबंद असलं तर भांडण तिथे काढ.

पण भेसळ वगैरे शब्द वापरू नका रे पोरांनो. १९५९ नंतर अंगावरच्या कपड्यांनिशी हिमालय ओलांडून आलेल्या माणसांनी ज्या थोड्या वस्तू सोबत आणल्या त्यांत चक्र होतं. मी स्वतः फिरवते का, असंही तू शेवटी विचारलं आहेस. गोठणगावला गेले की फिरवते. घरी नाही.

प्रश्न : हिमालयात जाणं होणार नाही, गुडघे परवानगी देत नाहीत. महाराष्ट्रात हे कुठे पाहता येईल? आणि यजमानांना हिवाळ्यातल्या स्वेटरबाजारात मिळालेलं एक तुटकं चक्र घरी आहे, त्याचं काय करू? (एक आजी, अमरावती)

तुम्हाला फार लांब जायचं नाही. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडजवळ तिबेटी वसाहत आहे. तिचं नाव नोर्ग्येलिंग. १९७२ साली वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून तिबेटी लोक अजून तिला ‘भंडारा’च म्हणतात. गोंदिया-बल्लारशा रेल्वेने अर्जुनीला उतरायचं, पुढे गाडी करायची. वाटेत इटियाडोह धरणाचा परिसर, शेजारी नवेगावबांधचं जंगल. वसाहतीत मठ आहे, चक्रं आहेत, आणि सगळीकडे आपल्यासारखाच धान. पावसाळ्यात ही मंडळी रोवणी करतात आणि दिवाळीनंतर स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरोशहरी निघतात. नागपूर-अमरावतीत तुम्ही ज्यांच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करता त्यांच्यातले काही इथलेच असू शकतात. त्यामुळे डिसेंबरात गेलात तर अर्धी घरं बंद दिसतील.

लोसार, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतं. तेव्हा माणसं घरी परतलेली असतात. प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्राही त्याच दिवसांत, म्हणून गर्दीचा अंदाज घ्या. चक्रं फिरताना पाहायची असतील तर सागा दावा हा त्यांचा चौथा महिना सगळ्यांत चांगला, विशेषतः त्याची पौर्णिमा. काही वर्षी ती आपल्या वैशाखी पौर्णिमेलाच येते, पण पुष्कळदा महिनाभराने, तेव्हा तारीख आधी विचारून घ्या. त्या दिवशी पहाटेपासून म्हातारी माणसं प्रदक्षिणेला असतात. ऊन विदर्भातलं आहे, तेव्हा तुम्हीही पहाटेच पोचा. भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. मुलगा-सून परदेशी पासपोर्टवर असतील तर त्यांना मात्र आधी परवानगी काढावी लागते.

तुटक्या चक्राचं सांगते. बहुधा चकती झिजली असेल किंवा साखळी तुटली असेल, दोन्ही कुठलाही पितळेचं काम करणारा बसवून देईल. त्याला आतला कागद तेवढा काढायला लावू नका. साखळी नवी घालताना जुन्या गोळ्याच्या वजनाचाच गोळा घ्या, हलका घेतलात तर चक्र फिरत नाही आणि जड घेतलात तर मनगट दुखतं. दुरुस्त करायचं नसेल तर कागद कचऱ्यात किंवा पाण्यात टाकू नका. मंत्राचा कागद स्वच्छ जागी जाळतात किंवा मठात परत देतात. गोठणगावला जाणारच असाल तर चक्र पिशवीत घालून न्या. मठाच्या पायरीवर कोणीतरी बसलेलं असतंच, त्यांच्या हातात द्या. बहुतेक ते तिथल्या तिथे उघडून बसतील, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा.